सुताच्या काट्यावर

मेची तिकिटं नोव्हेंबरातच काढा, म्हणाली नणंद.
तिच्याकडे ऑकलंडला पहाट, इथे दत्तनगरात रात्रीचे दहा,
चार दिवसांनी नळाला पाणी आलेलं,
माझ्या एका हातात पाइप, दुसऱ्यात फोन.
"आणि पाळणा आधी सांगून ठेव वहिनी,
समोरच्या भिंतीला अडकवतात, दहा किलोपर्यंतच्या बाळाला."
विमानात पाळणा!
पिंप भरून वाहायला लागलं तरी मी तोच विचार करत उभी.

हरिणीनं वहीत रकाने आखले.
सोलापूर ते मुंबई, रात्रीची गाडी.
मुंबई ते सिंगापूर, साडेपाच तास.
सिंगापुरात सात तास नुसतं थांबायचं
(निनादनं शोधलं, विमानतळावर फुलपाखरं आहेत).
मग दहा तास, खाली फक्त समुद्र.
डायपर किती, भाताची पेज कशात न्यायची,
शेंगाचटणी जाऊ देतील का, चादर दोन किलोची आहे,
ती हातात धरली तर मोजतात का.
"आणि बाळी रडली तर?" निनादनं विचारलं.
हरिणीनं रकाना आखला
आणि त्यात काहीच लिहिलं नाही.

पासपोर्टच्या फोटोला पांढरी पाठ हवी, डोळे उघडे,
दोन्ही कान दिसायला हवेत, मागे कुणाचा हात नको.
कारखान्यातला नवा टॉवेल अंथरला, लेबलसकट,
ह्यांनी स्टुलावर चढून वरून फोटो काढले. एकोणतीस.
एकतिसाव्यात ती हसली. हसलेला चालत नाही.
जो चालला त्यात ती कुणातरी साहेबासारखी रागावलीय,
आणि पाच वर्षं तेच तोंड दाखवायचं म्हणे जगाला.

काटा घरी नव्हता.
म्हणून दर पौर्णिमेला, सुटीच्या दिवशी,
माग थांबलेले असताना,
सुताच्या काट्यावर तिला ठेवायचो.
मल्लय्यामामा आधी हातरुमालानं ताट पुसायचे,
कोन काढून ठेवायचे, श्वास धरायचे.
नोव्हेंबर: सात किलो चारशे.
फेब्रुवारी: आठ नऊशे.
मी बोटं मोजली. मे यायला तीन महिने.
आणि मनात आलं, बस गं बाई आता, जरा थांब.

हे मी म्हटलं.
जी जन्मली तेव्हा एक किलो सहाशे होती,
काचेच्या पेटीत, टाचेला पट्टी, नाकात नळी,
बत्तीस दिवस मी काचेवर हात टेकून उभी,
नर्सनं सांगितलेला आकडा पदराला गाठ मारावा तसा जपत,
वीस ग्रॅम वाढले की ह्यांना फोन,
दहा कमी झाले की जेवण नाही.
ग्रॅमाग्रॅमानं मागून घेतलेली पोर ही,
आणि मी एका पाळण्यासाठी तिला थांब म्हणाले.
त्या रात्री तिच्या पेजेत दोन चमचे तूप जास्त घातलं.
कुणाला बोलले नाही.

एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीस.
निनाद लोकरीची टोपी घालून पंख्याखाली बसला, सराव म्हणून.
हरिणीनं बहिणीसाठी कुंचीची गाठ शिकून घेतली,
तेराव्या वर्षी ती कुणासाठी काही शिकत नाही खरं तर.
बॅगा बाहेर आल्या, परत आत गेल्या,
त्यांचंही वजन, त्याच काट्यावर.

निघायच्या आठ दिवस आधी शेवटचं.
बाळी ताटात बसली, काट्याची साखळी धरून, राणी.
दहा किलो दीडशे.
मामा म्हणाले, "अम्मा, सुतात एवढी घट-वाढ आम्ही सोडून देतो."
हे म्हणाले, "सँडल काढू का?"
सँडल नव्हतीच पायात.

मग हरिणीनं नवा तक्ता केला,
मांड्यांचा: पप्पा दोन तास, अम्मा दोन,
मी एक, निनाद अर्धा, झोपलेली असेल तरच.

विमान कंपनीला मीच फोन लावला,
पाळणा रद्द करा म्हटलं.
पलीकडच्या मुलीनं कारण विचारलं.
मी वजन सांगितलं,
जरा मोठ्यानंच,
शेजारच्या मागावरही ऐकू गेलं असेल.